७९० सामने, १३ क्लब: नील रेडफर्न कुणाचा?

मिरजकरतिकटी

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे, पण घरातलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. कोल्हापुरात मिडफिल्डला खेळतो. शाळेत असल्यापासून आमच्या पेठेच्याच संघात होता. मागच्या मोसमात त्याला अकरा जणांत घेतलंच नाही, सगळा मोसम बाकावर गेला. यंदा त्यानं दुसऱ्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडून नाव नोंदवलं. कोल्हापूरबाहेरच्या लोकांना यात विशेष काही वाटणार नाही, पण आमच्याकडे पेठ बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखंच आहे. वडील पंधरा दिवस त्याच्याशी बोललेले नाहीत. तो जेवायला बसला की ते उठून बाहेर कट्ट्यावर जातात. "आज इथं, उद्या तिथं, असा माणूस शेवटी कुणाचाच राहत नाही," एवढंच आईजवळ म्हणाले.

परवा रात्री इंग्लंडच्या लीगमध्ये सर्वांत जास्त सामने खेळलेल्यांची यादी बघत बसलो होतो. वर पीटर शिल्टन १००५, टोनी फोर्ड ९३१. तिथून थोडं खाली एक नाव दिसलं, नील रेडफर्न, ७९० सामने. मिडफिल्डर. इंग्लंडकडून एकदाही खेळलेला नाही. क्लब मोजले तर १३.

हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हा माणूस खेळायचा कसा? इतके क्लब त्यानं का बदलले, की त्याला बदलायला लागले? आणि आज कुठलं गाव त्याला आपला म्हणतं का? कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर प्लीज लिहा.

---

आकड्यांची_वही

जन्म १९६५, यॉर्कशरमधलं ड्यूझबरी. १९८२ साली बोल्टनमधून सुरुवात, वय १७. मग लिंकन सिटी, डॉनकास्टर, क्रिस्टल पॅलेस, वॉटफर्ड, ओल्डहॅम. १९९१ ते १९९८ बार्न्स्ली, हा सगळ्यात मोठा मुक्काम. नंतर चार्लटन, ब्रॅडफर्ड सिटी, विगन, हॅलिफॅक्स, बॉस्टन युनायटेड आणि २००४ मध्ये रॉचडेल. म्हणजे २२ मोसम. ७९० ला २२ ने भागलं तर मोसमाला जवळपास ३६ लीग सामने पडतात, कप स्पर्धांचे वेगळे. दुखापती, बंदी, प्रशिक्षक बदलणं, हे सगळं धरून ३६. ही सरासरी मिडफिल्डरला सहज पडत नाही.

क्लब का बदलले ते मला ठाऊक नाही. बार्न्स्लीत राहणारे एक डॉक्टर इथं लिहितात, ते सांगतील.

---

ओकवेलचा_कोल्हापुरी

हाक मारलीत, आलो. मी मूळचा मंगळवार पेठेतला. १९९५ पासून बार्न्स्लीत आहे, छातीच्या विकारांचा डॉक्टर. रेडफर्नला ओकवेलवर, म्हणजे बार्न्स्लीच्या मैदानावर, तीन मोसम डोळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे जरा मोठं होईल.

आधी एक शब्द घेतो. इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. मलाही सुरुवातीला वाटलं, 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणजे गावोगाव फिरणारा. तसं नाही. तो शब्द फ्रेंच 'जुर्ने'वरून आला, म्हणजे दिवस. उमेदवारी संपवून हातात कसब आलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात बसणारा कारागीर, तो जर्नीमन. माझे आजोबा गुजरीत असेच होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेढीवर बसून सोन्याचं काम केलं. तीन-चार पेढ्या झाल्या असतील. पेढीच्या पाटीवर त्यांचं नाव कधी लागलं नाही, पण त्यांच्या हातची ठुशी ओळखू येते असं बायका म्हणायच्या. रेडफर्नचा विचार करताना मला नेहमी आजोबांचं ते बैठं मेज आठवतं.

दुसरं, बार्न्स्लीच्या आधी, मी स्वतः इंग्लंडमध्ये नवा आलो तेव्हा तीन वर्षांत पाच गावं पाहिली. इथल्या शिकाऊ डॉक्टरांच्या नोकऱ्या तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या असत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये कुकर, पांघरुणं, पुस्तकं गाडीत भरायची आणि नव्या गावात नव्या लोकांना पहिल्यापासून दाखवून द्यायचं की मला काम येतं. एका ठिकाणी तर वरिष्ठांनी पहिले दोन महिने मला नावानं हाकच मारली नाही. त्यामुळे 'आज इथं, उद्या तिथं' म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यात माणूस कुणाचाच राहत नाही, असं मात्र नाही.

आता रेडफर्न.

तो का फिरला याचं उत्तर त्याच्या पायांपेक्षा तिथल्या व्यवस्थेत जास्त आहे. इंग्लंडमध्ये चार व्यावसायिक विभागांत मिळून ९२ क्लब. खालच्या विभागांत मोसमाला ४६ लीग सामने. करार एक-दोन वर्षांचे. मोसम संपला की मे महिन्यात क्लब यादी काढतो, कोण राहणार, कोण जाणार. प्रशिक्षक बदलला की यादी बदलते, संघ वर गेला की बदलते, खाली गेला तरी बदलते. १९९५ मध्ये बोस्मान खटल्याचा निकाल लागेपर्यंत करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडून पैसे मागू शकायचा, आणि जमलं नाही तर रक्कम ठरवायला लवाद बसायचा. खेळाडू म्हणजे क्लबाची मालमत्ताच. लहान क्लबाला बँकेचं कर्ज फेडायचं असलं की सगळ्यात आधी विकला जायचा तो विशीतला, पळणारा, गोल करणारा मिडफिल्डर. म्हणजे रेडफर्नच.

त्याच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ११ मे १९८५. ब्रॅडफर्डचं व्हॅली परेड मैदान, ब्रॅडफर्ड सिटी विरुद्ध लिंकन सिटी, मोसमाचा शेवटचा दिवस. ब्रॅडफर्डनं विभाग जिंकला होता, लोक उत्सवाला आले होते. मध्यंतराच्या थोडं आधी जुन्या लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याला आग लागली आणि काही मिनिटांत सगळं छप्पर पेटलं. ५६ माणसं गेली. त्यातले दोघे लिंकनहून आलेले प्रेक्षक होते. लिंकनच्या मैदानावरच्या एका स्टँडला आज त्या दोघांची नावं आहेत. रेडफर्न तेव्हा लिंकनचा खेळाडू होता, वय १९. चौदा वर्षांनी, १९९९ मध्ये, तो त्याच व्हॅली परेडवर ब्रॅडफर्ड सिटीचा शर्ट घालून उतरला. यादीत ही फक्त दोन नावं दिसतात, लिंकन आणि ब्रॅडफर्ड.

बरोबर सहा वर्षांनी, पुन्हा ११ मेलाच, १९९१ साली, तो ओल्डहॅमकडून खेळत होता. ओल्डहॅमची वरच्या विभागात बढती आधीच नक्की होती, पण विजेतेपद वेस्ट हॅमकडे जाणार असं सगळे धरून चालले होते. शेफील्ड वेन्सडेविरुद्ध ओल्डहॅम ०-२ नं मागे. मग एक, मग दुसरा, २-२. भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली. ती रेडफर्ननं मारली. ३-२. वेस्ट हॅम तिकडं आपला सामना हरले आणि विजेतेपद ओल्डहॅमला मिळालं. ६८ वर्षांनी ओल्डहॅम वरच्या विभागात चाललं होतं, आणि ज्यानं तो गोल केला तो सप्टेंबर महिन्यात ओल्डहॅममध्ये नव्हता. बार्न्स्लीला गेला होता, एक विभाग खाली.

माझी आणि त्याची गाठ तिथं पडली. म्हणजे मी स्टँडमध्ये, तो मैदानात.

बार्न्स्ली कळायला तिथल्या खाणी माहीत हव्यात. मी आलो तेव्हा शेवटच्या खाणी नुकत्याच बंद झालेल्या. ग्राइमथॉर्पची १९९३ मध्ये. माझ्या ओपीडीत येणारे निम्मे पुरुष खाणकामगार. एक्स-रे उजेडासमोर धरला की फुप्फुसात कोळशाची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसायची. ते दोन वाक्यांच्या मधे श्वास घ्यायला थांबायचे आणि तिसऱ्या वाक्याला शनिवारच्या मॅचवर यायचे. आपल्या लोकांना कळेल असा या गावचा एक माणूस सांगतो, अंपायर डिकी बर्ड. १९८३ च्या लॉर्ड्सवरच्या फायनलला उभे होते ते. अस्सल बार्न्स्लीकर आणि फुटबॉल क्लबाचे जन्माचे चाहते.

या क्लबाची स्थापना १८८७ ची. ११० वर्षांत तो कधी देशाच्या सर्वोच्च विभागात खेळला नव्हता. २६ एप्रिल १९९७ ला ओकवेलवर ब्रॅडफर्ड सिटीला २-० हरवलं आणि प्रीमियर लीग नक्की झाली. प्रशिक्षक डॅनी विल्सन, कर्णधार रेडफर्न. त्या मोसमात लोक गायचे, "हे तर ब्राझीलचाच खेळ बघितल्यासारखं." पावसात, चिखलात, खाणीच्या गावात हे गाणं म्हणताना सत्तरीतल्या माणसांना रडताना मी पाहिलंय.

खेळ कसा होता विचारलंस. उंची-बिंची नजरेत भरण्यासारखी नाही, वेगही डोळे दिपवणारा नाही. त्याचं कसब 'उशिरा पोचण्यात' होतं. चेंडू बाजूनं पुढं जायचा, सगळ्यांचे डोळे, बचावपटूंचेसुद्धा, चेंडूच्या मागे. रेडफर्न तेव्हा मध्यरेषेच्या आसपास नुसता चालत असायचा. मग चार पावलं, मग पळ, आणि चेंडू पेनल्टी क्षेत्रात यायला आणि हा तिथं पोचायला एकच गाठ. आधी पोचला असता तर कुणीतरी त्याला धरून उभं राहिलं असतं. मी मुद्दाम चेंडू सोडून त्याच्याकडेच बघत बसायचो. ९० मिनिटांत ही पळ तो वीस-पंचवीस वेळा मारायचा, त्यातल्या दोन-तीन वेळाच चेंडू मिळायचा. बाकी बावीस वेळा तितकंच पळत परत जागेवर. लांबून फटका मारण्यातही तो पक्का होता.

९ ऑगस्ट १९९७, प्रीमियर लीगमधला पहिला सामना, ओकवेलवर, वेस्ट हॅमविरुद्ध. ऊन होतं. माझ्या शेजारच्या जागेवर एक म्हातारे खाणकामगार बसायचे. खिशात मिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, दर मॅचला मध्यंतरात मला एक गोळी द्यायचे. त्या दिवशी नवव्या मिनिटाला रेडफर्नचा गोल झाला. क्लबाचा सर्वोच्च विभागातला पहिलाच गोल. म्हातारबाबा उठले नाहीत. डबा उघडला, माझ्या तळहातावर गोळी ठेवली आणि तो हात तसाच धरून बसले. बाकी सगळा स्टँड उभा होता, आम्हाला पुढचं काही दिसत नव्हतं. सामना १-२ गेला, वेस्ट हॅमकडून जॉन हार्टसन आणि एकोणीस वर्षांच्या फ्रँक लॅम्पार्डचे गोल. पण तो पहिला गोल आमच्या कर्णधाराचा, हे कुणीही पुसू शकत नाही.

मोसम अवघड गेला. चेल्सीनं ओकवेलवर ०-६ नं धुतलं, मँचेस्टर युनायटेडनं त्यांच्याकडं ७-० नं. एकूण ८२ गोल खाल्ले. तरी अ‍ॅनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला १-० हरवलं आणि एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला ३-२ नं बाहेर काढलं. आणि त्या मोसमात संघाकडून सर्वाधिक गोल कुणाचे, तर मिडफिल्डरचे. रेडफर्नचे.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो २८ मार्च १९९८ चा सामना. पुन्हा लिव्हरपूल, ओकवेलवर. पहिला गोल रेडफर्नचा. मग लिव्हरपूलनं दोन केले, आणि आमच्या दोघांना लाल कार्ड. गोंधळ इतका की रेफरी काही वेळ मैदान सोडून आत निघून गेले होते. नऊ जण खेळताहेत, सहा-सात मिनिटं उरलीत, आणि पेनल्टी मिळाली. आजूबाजूला सगळं मैदान रागानं पेटलेलं, लोक ओरडताहेत ते चेंडूकडं बघून सुद्धा नाही. अशा वेळी चेंडू ठिपक्यावर ठेवायला कोण पुढं येणार, हा प्रश्नच आला नाही. २-२. शेवटच्या मिनिटाला मॅकमॅनमननं ३-२ केलं आणि आमचा तिसरा खेळाडू बाहेर गेला. मी घरी चालत गेलो. बायकोनं दार उघडलं आणि काही न विचारता चहा टाकला.

मे महिन्यात संघ खाली गेला.

---

सडेतोड_सातारकर

डॉक्टर, वाचून छान वाटलं, पण एक गोष्ट तुम्ही पटकन उरकली. संघ खाली गेल्यावर कर्णधार काय करतो? त्याच उन्हाळ्यात चार्लटनला गेला ना, प्रीमियर लीगमध्ये? दहा लाख पौंडाला. यांच्या वडिलांचं म्हणणं तेच आहे. वेळ आली की माणूस बाजू बदलतो.

---

ओकवेलचा_कोल्हापुरी

बरोबर बोट ठेवलंत. गेला. आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारचे म्हातारबाबा पुढच्या मोसमाच्या पहिल्या मॅचला एवढंच म्हणाले की मधल्या भागात आता फार मोकळी जागा दिसते.

पण दोन गोष्टी बघा. तो तेव्हा ३३ वर्षांचा होता. सात वर्षं दिली होती. ३३ वर्षांच्या मिडफिल्डरचे दहा लाख पौंड येत असतील तर खाली गेलेला कुठला क्लब नको म्हणेल? आणि त्याच्या बाजूनं, आयुष्यातली पंधरा वर्षं खालच्या विभागांत घालवल्यावर सर्वोच्च विभागातलं एकच वर्ष मिळालेलं, तिथं अजून एक संधी आली. मी असतो तर गेलो असतो. मी स्वतः कोल्हापूर सोडून आलोच की. माझ्या आईनंही तेव्हा मला काही कमी ऐकवलं नव्हतं.

पुढं त्याला सुख लागलं असंही नाही. चार्लटन त्याच मोसमात खाली गेला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगवेगळ्या शर्टांत, मे महिन्यात तेच दुःख. मग ब्रॅडफर्ड, मोसम पुरा व्हायच्या आत विगन. मग हॅलिफॅक्स, जे २००२ मध्ये लीगमधूनच बाहेर पडलं. त्याच वर्षी सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी बुडाली, टीव्हीच्या पैशावर डोळा ठेवून बसलेले खालचे क्लब उघडे पडले, शेकडो खेळाडूंना करार मिळाले नाहीत. तेव्हा हा ३७ वर्षांचा. घरी बसायला त्याला कुणी नाही म्हटलं नसतं. तो बॉस्टनला गेला, जो क्लब लीगमध्ये नुकताच पहिल्यांदा आला होता. मग रॉचडेल. ७९० हा आकडा शेवटच्या त्या वर्षांत पुरा झालाय, ओकवेलच्या गर्दीत नाही.

---

मांडवीपलीकडचा

मी फोंड्याचा. डॉक्टरांच्या क्लबाशी आमचाही एक धागा आहे म्हणून लिहितो.

रोहन रिकेट्स नावाचा लंडनचा मिडफिल्डर. आर्सेनलच्या अकादमीत वाढला, मग टॉटनहॅमकडून प्रीमियर लीग खेळला, नंतर वुल्व्ह्ज, आणि २००७ मध्ये बार्न्स्ली. तिथून जो निघाला तो टोरांटो, हंगेरी, मोल्दोवा, जर्मनी, आयर्लंड, पुन्हा इंग्लंडात एक्झेटर, आणि २०१२ मध्ये आमच्याकडे धेंपो क्लबात. त्या वेळी धेंपो आय-लीगचे विजेते होते, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. मग इक्वेडोर, थायलंड, हाँगकाँग.

गोव्यात तो फार टिकला नाही. पण मला त्याचं एक आवडलं. पूर्व युरोपात पगार कसे बुडतात, कागदावर एक आणि हातात एक कसं असतं, हे त्यानं उघडपणे लिहिलं. मोठे खेळाडू बोलत नाहीत कारण त्यांना गरज नसते, लहान बोलत नाहीत कारण पुढचा करार हवा असतो. इथं माझ्या मावसभावाचे एका क्लबानं चार महिने दिले नव्हते. तो गप्प राहिला. रिकेट्सचं वाचल्यावर त्यानं पहिल्यांदा घरी सांगितलं.

भावाला सांगा, दुसऱ्या तालमीकडं गेलाच आहे तर जे ठरलंय ते कागदावर घ्या.

---

मिरजकरतिकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर काका, तुमचा पहिला प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. वडील आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. ब्रॅडफर्डची आग आली तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

दोन प्रश्न. एक, खेळ संपल्यावर त्यानं काय केलं? दोन, ते 'उशिरा पोचणं' शिकता येतं का? भाऊ विचारतोय. त्याला नेहमी ओरडा पडतो की पुढं जाऊन उभा राहतो.

---

ओकवेलचा_कोल्हापुरी

भावा, दुसरं आधी.

शिकता येतं, पण त्याला चेंडूपासून डोळे काढायला लागतील. सरावाला कुणालातरी बाजूनं चेंडू पुढं न्यायला सांग. भावानं मध्यवर्तुळाच्या कडेला उभं राहायचं. चेंडूवाल्यानं डोकं वर काढेपर्यंत हलायचं नाही, कारण डोकं वर काढतो तेव्हाच तो चेंडू टाकणार असतो. तेवढ्यात निघायचं आणि पेनल्टीच्या ठिपक्यापाशी पोचायचं, त्याच्या पुढं जायचं नाही. पुढं गेला की बचावपटूच्या मांडीला मांडी लावून उभा राहणार. आणि शाहू स्टेडियमवर ऊन उतरायच्या आत चार वाजता मॅच असली तर पहिल्या अर्ध्यात दहाच वेळा पळ, दम राखून ठेव म्हणावं. रेडफर्नचे कितीतरी गोल समोरचे दमल्यावरचे आहेत.

आता पहिलं. लीग सुटल्यावरही तो खालच्या स्तरावर खेळत राहिला, स्कारबरो, नॉर्थविच अशा ठिकाणी प्रशिक्षकही झाला. मग लीड्स युनायटेडच्या अकादमीत मुलांना शिकवायला लागला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हे. लुईस कुक, अ‍ॅलेक्स मोवॅट, सॅम बायरम, चार्ली टेलर, ही सगळी पोरं त्या अकादमीतून वर आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच्याकडे मुख्य संघ दिला. एप्रिल २०१५ मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध त्यानं १९ वर्षांच्या एका मिडफिल्डरला पहिल्यांदा उतरवलं. लीड्सचाच पोरगा, काल्व्हिन फिलिप्स. सामना ४-३ नं हरले. सहा वर्षांनी फिलिप्स वेम्ब्लीवर युरो कपची फायनल इंग्लंडकडून खेळला. रेडफर्नला स्वतःला इंग्लंडचा शर्ट कधी मिळाला नाही, हे तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतंस, म्हणून सांगितलं.

त्या मोसमानंतर लीड्सनं त्याला मुख्य पदावर ठेवलं नाही. मग रॉदरहॅम, थोडेच महिने. मग तो महिलांच्या फुटबॉलमध्ये गेला. डॉनकास्टर बेल्स या संघाला २०१७-१८ मध्ये दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि पैशाअभावी त्या क्लबाला पुढच्या मोसमात त्या स्तरावर राहताच आलं नाही. पुन्हा तेच, जिंकून देऊन दुसरीकडं. नंतर शेफील्ड युनायटेडच्या महिला संघाकडं.

कुणाचा, असं विचारलंस. ओल्डहॅमला जा, पेनल्टीची गोष्ट सांगतील. आमच्याकडं ये, वेस्ट हॅमविरुद्धचा गोल सांगतील. मिंटच्या गोळ्या देणारे ते म्हातारबाबा २००३ मध्ये आमच्याच वॉर्डात गेले. शेवटच्या आठवड्यात बोलायला फार दम लागायचा. एका संध्याकाळी मी राउंडला गेलो तर मला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, नील हल्ली कुठं खेळतो? मी सांगितलं, बॉस्टनला. ते म्हणाले, अजून? आणि हसले.

मॅच कधी आहे ते कळव.

---

मिरजकरतिकटी

काका, मॅच येत्या रविवारी, चार वाजता. भाऊ ८ नंबर घालणार आहे.

काल रात्री वडिलांनी मला एकच विचारलं. ज्या मैदानावर तसं सगळं पाहिलं, तिथं चौदा वर्षांनी त्याच क्लबाचा शर्ट घालून तो पोरगा उतरला कसा असेल? मला उत्तर देता आलं नाही. थोडा वेळ बसले, मग उठून जिन्याखाली गेले. भावाच्या बुटांची लेस मागच्या मोसमात तुटली होती, तो गाठ मारून वापरत होता. आज सकाळी बघितलं तर बुटांत नवी लेस ओवलेली होती.